गाबा वाढवला की मेंदू शांत होतो, हे कितपत खरं?

रानवारा

झोप, चिंता, अपस्मार यांवरच्या जवळपास प्रत्येक धाग्यात कुणीतरी लिहितंच, 'ग्लुटामेट म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर, गाबा म्हणजे ब्रेक. तुमचा गाबा कमी पडतोय, तो वाढवा.' गाबा आणि ग्लुटामेट ही चेतापेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात ती रसायनं. वाक्य वाचायला सोपं आहे आणि पहिल्या पायरीवर चालूनही जातं. पण त्याच्या भरवशावर लोक गोळ्या मागवतात, चालू औषधं मनानेच बंद करतात, म्हणून हे चित्र कुठे तोकडं पडतं ते सविस्तर लिहावंसं वाटलं. माझ्या मते मेंदूत रोध, म्हणजे पेशीला संदेश सोडण्यापासून अडवणं, किती आहे हा प्रश्न दुय्यम आहे. तो कुठे लागतो, कधी लागतो आणि कुठल्या रिसेप्टरमधून (रसायन ज्याला चिकटतं त्या पेशीवरच्या प्रथिनातून) लागतो, यावर सगळं ठरतं.

एका पेशीपासून सुरुवात करू. चेतापेशी स्वस्थ असते तेव्हा तिची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. हा आकडा उणे ५५ च्या आसपास चढला की पेशीतून संदेश सुटतो. ग्लुटामेटचे रिसेप्टर धन आयन आत घेऊन तिला त्या उंबरठ्याकडे ढकलतात. गाबाच्या दोन मुख्य रिसेप्टरांपैकी गाबा-ए उघडला की मुख्यतः क्लोराइड या ऋण आयनाला वाट मिळते. प्रौढ पेशीत क्लोराइड बाहेर भरपूर आणि आत अगदी थोडं, त्यामुळे ते आत शिरतं आणि पेशी उंबरठ्यापासून लांब राहते.

खरी मजा पुढे आहे. क्लोराइडचा समतोलही साधारण उणे ७० च्याच जवळ असतो. म्हणजे पेशी स्वस्थ असताना गाबा-ए रिसेप्टर उघडले तर क्लोराइड फारसं हलतच नाही, व्होल्टेजची रेघ जवळजवळ सपाट दिसते. तरीही रोध होतो, आणि चांगला जोरदार होतो. कारण पेशीपटलाचा तेवढा तुकडा आता गळका झालेला असतो. त्याच क्षणी ग्लुटामेटमुळे आलेला प्रवाह पेशीच्या धडाकडे निघाला तर वाटेतच बाहेर गळून जातो. याला शंटिंग म्हणतात. गाबाचा सिनॅप्स (दोन पेशींमधला निरोपाचा सांधा) त्या प्रवाहाच्या वाटेवर, म्हणजे धडाच्या बाजूला असेल तर परिणाम मोठा. तोच फांदीच्या टोकाला, ग्लुटामेटच्या पलीकडे असेल तर बराच कमी. आणि काही मिलिसेकंद उशीर झाला तर अडवायला काही उरलेलंच नसतं.

गाबा-ए रिसेप्टर पाच उपघटकांचा बनतो. ते गोलाकार उभे राहतात आणि मधोमध क्लोराइडची वाट असते. माणसात या उपघटकांची १९ जनुकं आहेत, त्यामुळे 'गाबा-ए रिसेप्टर' हे एका मोठ्या कुटुंबाचं नाव आहे. मेंदूत सर्वांत जास्त आढळणारी जोडणी म्हणजे दोन अल्फा-१, दोन बीटा-२ आणि एक गॅमा-२. गाबा अल्फा आणि बीटाच्या सांध्यात बसतो. अशा जागा दोन, दोन्ही भरल्या की वाट नीट उघडते, तीही एका मिलिसेकंदाच्या आत.

गाबा-बी अगदी वेगळा. त्यात वाटच नाही. तो जी-प्रोटीन या पेशीतल्या निरोप्या प्रथिनामार्फत पोटॅशियमच्या वाहिन्या उघडायला लावतो आणि सिनॅप्सच्या देणाऱ्या बाजूला असेल तर कॅल्शियमची आवक कमी करून पुढचा स्राव घटवतो. त्याचा परिणाम शेकडो मिलिसेकंद टिकतो. १९८० मध्ये नॉर्मन बावरी यांच्या गटाने तो वेगळा ओळखला, आणि स्नायूंचा ताठरपणा कमी करणारं बॅक्लोफेन त्यावरच काम करतं हे कळलं. त्याचे दोन भाग असतात. एकाला गाबा चिकटतो, दुसरा जी-प्रोटीनशी बोलतो, आणि दुसरा सोबत नसेल तर पहिला पेशीच्या पृष्ठभागावर पोचतच नाही.

इतिहासातला एक प्रसंग मला फार आवडतो. चेताशास्त्रज्ञ जॉन एकल्स कित्येक वर्षं ठामपणे सांगत होते की सिनॅप्समधला संवाद विद्युत् असतो, रासायनिक नाही. १९५१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मांजराच्या मज्जारज्जूतल्या पेशीत बारीक काचेचा इलेक्ट्रोड घालून रोधाची नोंद घेतली. त्यांच्या सिद्धांतानुसार रेघ जिकडे जायला हवी होती, त्याच्या नेमकी उलट गेली. एकल्सनी मत बदललं, आणि १९६३ चं नोबेल त्यांना याच विषयातल्या कामासाठी मिळालं. पुढे त्यांनीच इलेक्ट्रोडमधून पेशीत क्लोराइड सोडून पाहिलं तर रोधाची लाट उलटी झाली, पेशी उंबरठ्याकडे सरकली. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पैलतीर

वाचनखूण साठवली. एक प्रश्न. डायझेपामसारखी औषधं तर 'गाबा वाढवतात' म्हणूनच दिली जातात ना? मग वाढवा म्हणण्यात चूक काय?

रानवारा

पैलतीर, ती गाबा वाढवत नाहीत. गाबा तेवढाच राहतो. अल्फा आणि गॅमा उपघटकांच्या सांध्यात एक वेगळी जागा आहे, तिथे डायझेपाम बसतं आणि आलेल्या गाबाला रिसेप्टर अधिक सहज प्रतिसाद देतो. डायझेपाम १९६३ पासून वापरात होतं, ते मेंदूत नेमकं कुठे बसतं हे मात्र १९७७ मध्ये सापडलं.

एकाच रिसेप्टरची नोंद पाहिली की हे डोळ्यांसमोर येतं. नेहर आणि साकमान यांच्या पॅच-क्लॅम्प पद्धतीत काचेच्या नळीच्या टोकाशी पटलाचा सूक्ष्म तुकडा धरतात. पडद्यावर सपाट रेघ चालू असते. मग ती एकदम एक पायरी खाली उतरते, क्षणभर थांबते आणि पुन्हा वर येते. ती पायरी म्हणजे एका रेणूचं उघडणं-मिटणं. प्रवाह एकदोन पिकोअँपिअर, म्हणजे अँपिअरच्या लाख कोटीव्या भागाएवढा. डायझेपाम टाकलं की पायऱ्या जास्त वेळा दिसतात. बार्बिच्युरेट (जुन्या झोपेच्या औषधांचा गट) टाकलं की प्रत्येक पायरी लांबते. आणि बार्बिच्युरेटचा डोस खूप वाढवला तर गाबा नसतानाही रिसेप्टर उघडतो. डायझेपाम हे करू शकत नाही, गाबा आलाच नाही तर त्याला काही करता येत नाही. बार्बिच्युरेटच्या अतिडोसने श्वास थांबण्याचा धोका इतका मोठा का, याचं उत्तर बरंचसं इथे आहे. अर्थात दारू किंवा ओपिऑइडबरोबर (अफूच्या जातीच्या वेदनाशामकांबरोबर) घेतलं तर डायझेपामही जीवघेणं ठरतं, यात शंका नको.

धुकं

मी भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे या कुटुंबाशी रोजचा संबंध. प्रोपोफॉल, एटोमिडेट ही दोन्ही भुलीची औषधं मुख्यतः गाबा-ए वरच काम करतात, पण डायझेपामच्या जागेवर नाही. त्यांच्यासाठी बीटा उपघटक महत्त्वाचा. बीटा-३ मधलं एकच अमिनो आम्ल बदललेले उंदीर तयार केले गेले. नेहमीच्या डोसला जे उंदीर पूर्ण निपचित पडतात, तिथे हे चिमटा काढला की पाय मागे घेत होते.

असाच प्रयोग डायझेपामवरही झाला, १९९९ मध्ये. अल्फा-१ मध्ये १०१ व्या जागी हिस्टिडिन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनिन घातलं. त्या उंदरांना डायझेपामने गुंगी येईना, पण त्यांची भीती मात्र पूर्वीसारखीच कमी होत होती. पुढच्याच वर्षी भीती कमी होण्यामागे अल्फा-२ असल्याचं दिसलं. एकच औषध, एकच गाबा, पण गुंगी एका उपघटकामुळे आणि निर्धास्तपणा दुसऱ्यामुळे. 'गाबा वाढवा' म्हणणाऱ्याला मी विचारेन, कुठल्या अल्फावर?

मृद्गंध

धागा वाचतेय, सगळं कळलं असं नाही. माझ्या मुलाला अपस्मार आहे. डॉक्टरांनी नाकात मारायचा फवारा दिलाय आणि बजावून ठेवलंय की झटका पाच मिनिटं चालला की वाट बघत बसू नका. पाचच मिनिटं का? आणि उशीर झाला तर तेच औषध कमी चालतं असं म्हणाले, ते कसं? औषध तर तेच आहे ना?

धुकं

मृद्गंध, फार योग्य प्रश्न विचारलात, आणि तुमच्या डॉक्टरांनी सांगितलंय ते तंतोतंत पाळा.

औषध तेच असतं, ते ज्याला चिकटतं तो रिसेप्टर जागेवर राहत नाही. गाबा-ए रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर कायमचे खिळलेले नसतात. सिनॅप्सच्या खाली गेफिरिन नावाचं प्रथिन जाळं विणून त्यांना धरून ठेवतं, पण त्यांची ये-जा सतत चालू असते, काही आत ओढले जातात, काही परत वर येतात. झटका लांबत गेला की ही देवघेव बिघडते. सिनॅप्समधले गॅमा-२ असलेले रिसेप्टर, म्हणजे अशा फवाऱ्यातली मिडॅझोलाम-डायझेपामसारखी औषधं नेमकी ज्यांवर बसतात ते, भराभर आत ओढले जातात. त्याच वेळी ग्लुटामेटचे एनएमडीए रिसेप्टर पृष्ठभागावर वाढतात. प्राण्यांमध्ये हे तासाभरात स्पष्ट दिसतं. म्हणजे झटका स्वतःच स्वतःला थांबवणारी यंत्रणा मोडत जातो.

बहुतेक झटके दोनतीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटं उलटली तर तो आपणहून थांबण्याची शक्यता बरीच कमी झालेली असते, म्हणून तिथे रेघ मारली आहे. हा विषय मला जिव्हाळ्याचा आहे, कारण 'थांबेल थांबेल' म्हणत वाट पाहून उशिरा आणलेली मुलं मी पाहिली आहेत. फवारा कुठे ठेवलाय हे घरातल्या प्रत्येकाला आणि शाळेतल्या बाईंना माहीत असू द्या.

मृद्गंध

आता समजलं. इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. शाळेत उद्याच बोलते.

औदुंबर

रानवारा, एकल्सच्या क्लोराइडवाल्या प्रयोगाचा धागा पुढे नेतो. नवजात बाळाच्या मेंदूत गाबा उत्तेजक असतो असं वाचलंय. मग तुमचा 'अवरोधक रिसेप्टर' हा प्रकारच डळमळीत होत नाही का?

रानवारा

औदुंबर, मी तिकडेच येणार होतो. रिसेप्टर फक्त वाट उघडतो. क्लोराइड कुठल्या दिशेला जाईल हे पेशीत आधीपासून किती क्लोराइड आहे त्यावर ठरतं. ते ठरवणारे दोन पंप, एनकेसीसी-१ क्लोराइड आत आणतो आणि केसीसी-२ बाहेर काढतो. कोवळ्या पेशीत पहिला जोरात असतो आणि दुसरा जवळजवळ नसतो. त्यामुळे गाबा-ए उघडला की क्लोराइड बाहेर पडतं आणि पेशी उंबरठ्याकडे सरकते. १९८९ मध्ये बेन-अरी यांच्या गटाने उंदराच्या नवजात पिल्लांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूच्या स्मृतीशी संबंधित भागात) हे दाखवलं, १९९९ मध्ये केसीसी-२ ची भूमिका पुढे आली. वाढ होताना केसीसी-२ वाढतो आणि चिन्ह पालटतं.

पण 'उत्तेजक' म्हणताना थोडं जपून. वर शंटिंगबद्दल लिहिलं ते इथेही लागू आहे. व्होल्टेज उंबरठ्याकडे सरकलं तरी पटल गळकं झालेलं असतं. २०१५ मध्ये जिवंत पिल्लांच्या मेंदूत मोजमाप झालं तेव्हा कॉर्टेक्समधल्या (मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या) एकेका पेशीला गाबा वर ढकलत होता, तरी सगळ्या जाळ्याची एकूण हालचाल मात्र त्याने कमीच होत होती.

यावरून एक औषधही करून पाहिलं. ब्युमेटॅनाइड हे लघवी वाढवणारं जुनं औषध एनकेसीसी-१ अडवतं. तर्क सरळ होता, नवजात बाळांतलं क्लोराइड कमी करू, मग फेनोबार्बिटॉन हे झटक्यांवरचं बार्बिच्युरेट नीट चालेल. युरोपातली चाचणी मध्येच थांबवावी लागली. झटक्यांवर परिणाम दिसला नाही आणि काही बाळांची श्रवणशक्ती गेली. इतका सुंदर तर्क बाळाच्या शरीरात उतरताना हरला. आतल्या कानालाही तोच पंप लागतो.

हे फक्त बाळांपुरतं नाही. मज्जातंतूला इजा झाल्यावर मज्जारज्जूच्या मागच्या भागातल्या पेशींत केसीसी-२ घटतो. २००३ मध्ये उंदरांत दिसलं की त्यामुळे तिथला गाबा आणि ग्लायसिनचा रोध दुबळा पडतो आणि साधा स्पर्शही वेदना बनून वर जातो. गाबा पुरेसा आहे, रिसेप्टर शाबूत आहेत, तरी रोध नाही.

कवडसा

एमएस्सीला आहे, आमच्या सरांनी वर्गात विचारलेलं कोडं टाकते. मेंदूतला गाबा जास्त वेळ टिकवणारं औषध दिलं आणि झटके वाढले, असं कुठे होतं?

रानवारा

कवडसा, अ‍ॅब्सेन्स झटके. मूल वर्गात बोलता बोलता काही सेकंद शून्यात बघतं आणि पुन्हा वाक्य पुरं करतं, ते. ईईजीवर (मेंदूच्या विद्युत् लहरींच्या आलेखावर) सेकंदाला तीनच्या आसपास काटे-लाटा दिसतात. टायगाबिन गाबाचं परत शोषण थांबवतं, व्हिगाबॅट्रिन गाबा मोडणाऱ्या विकराला बांधून टाकतं. दोन्हींनी अ‍ॅब्सेन्स बिघडू शकतात.

कारण थॅलॅमसमध्ये, म्हणजे कॉर्टेक्सकडे निरोप पाठवणाऱ्या मेंदूच्या आतल्या भागात, आहे. तिथल्या पेशींत टी-प्रकारच्या कॅल्शियम वाहिन्या असतात, त्यांना पुन्हा उघडण्याजोगं व्हायला आधी पेशी बरीच ऋण व्हावी लागते. गाबा-बी चा लांब, खोल रोध नेमकं तेच करतो. रोध ओसरला की या वाहिन्या एकदम उघडतात, पेशी फैरी झाडते, ती फैर रोधक पेशींना जागं करते, त्या पुन्हा थॅलॅमसला दाबतात. अशी फेरी चालू राहते. एथोसक्सिमाइड या टी-वाहिन्याच अडवतं, म्हणून तिथे ते चालतं.

कवडसा

बरोबर! आणि उलटं उदाहरण म्हणजे ड्राव्हे सिंड्रोम, तान्हेपणी सुरू होणारा जनुकीय अपस्मार, ना? एससीएन-१-ए या सोडियम वाहिनीच्या जनुकात बिघाड. सोडियम कमी शिरणार म्हणजे मेंदू उलट थंड पडायला हवा. पण ही वाहिनी रोधक पेशींना जास्त लागते, विशेषतः खूप वेगाने संदेश सोडणाऱ्या पार्व्हअल्ब्युमिन पेशींना. त्याच दुबळ्या होतात आणि जाळं मोकाट सुटतं. म्हणून कार्बामॅझेपिनसारखी सोडियम अडवणारी औषधं ड्राव्हेच्या मुलांना त्रासदायक ठरतात.

रानवारा

अगदी. आणि याच पार्व्हअल्ब्युमिन पेशींमुळे 'रोध म्हणजे गप्प बसवणं' हे चित्र सर्वांत जास्त कोलमडतं. कॉर्टेक्समधल्या साधारण पाचातल्या एका पेशीत गाबा असतो. त्यांतल्या या बास्केट पेशी शेजारच्या शेकडो पिरॅमिडल पेशींच्या (कॉर्टेक्समधल्या मुख्य उत्तेजक पेशींच्या) धडाला वेढून बसतात. एक फटका देतात, सगळ्या एकदम थांबतात, आणि रोध ओसरला की सगळ्या जवळजवळ एकाच वेळी बोलायला मोकळ्या होतात. हे सेकंदाला ३० ते ८० वेळा. ईईजीतली गॅमा लय बरीचशी यातूनच तयार होते. रोधक पेशींचेच आणखी दोन प्रकार आहेत. सोमॅटोस्टॅटिनवाल्या पेशी धडाला सोडून लांबच्या फांद्यांवर बसतात, तर व्हीआयपी पेशी मुख्यतः याच सोमॅटोस्टॅटिन पेशींना रोखतात. रोधकालाच रोखलं की शेवटी पिरॅमिडल पेशी मोकळी होते. तिथे गाबा सुटला तो कुणाला तरी बोलतं करायला.

शुक्रतारा

मग बाजारात मिळणाऱ्या गाबाच्या गोळ्यांचं काय? आणि नसांच्या दुखण्यावर देतात ते गाबापेन्टिन?

धुकं

गोळीतला गाबा रक्त-मेंदू अडसर फारसा ओलांडत नाही. मेंदू आपला गाबा जागेवरच ग्लुटामेटपासून बनवतो, एका पायरीत, जीएडी विकर वापरून. त्या विकराला ब-६ जीवनसत्त्व लागतं. क्षयावरच्या आयसोनियाझिडचा अतिडोस झाला की ब-६ चं काम अडतं, गाबा घटतो आणि असे झटके येतात की डायझेपाम पुरत नाही, शिरेतून ब-६ द्यावं लागतं. बघा, वर रानवारांनी लिहिलंय तेच, गाबाच नसेल तर डायझेपाम वाढवणार काय? याचा अर्थ निरोगी माणसाने ब-६ च्या गोळ्या खाव्यात असा नाही. त्याचा डोस फार झाला की संवेदनांच्या नसांना इजा होते.

गाबापेन्टिन गाबा-ए किंवा गाबा-बी यांपैकी कशालाच चिकटत नाही. ते कॅल्शियम वाहिनीच्या अल्फा-२-डेल्टा या जोडघटकाला चिकटतं.

आणि बेन्झोडायझेपिन, म्हणजे डायझेपामच्या गटातली औषधं, महिनोन्‌महिने घेत असाल तर हा धागा वाचून एकदम बंद करू नका. रिसेप्टर त्या औषधाच्या हिशेबाने बदललेले असतात, अचानक थांबवलं तर झटके येऊ शकतात. दारूचंही तसंच. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवायचं.

औदुंबर

गाबासारखाच दुसरा रोधक, ग्लायसिन, राहिला की.

रानवारा

हो. मज्जारज्जू आणि मेंदूच्या देठात ग्लायसिन हा मोठा रोधक, त्याचा रिसेप्टरही पाच उपघटकांचा आणि क्लोराइडचाच. स्ट्रिकनिन हे विष तो अडवतं. धनुर्वाताचं विष जरा आधीची पायरी गाठतं. नसेतून उलटं चढत मज्जारज्जूत पोचतं, रोधक पेशींत शिरतं आणि सिनॅप्टोब्रेविन हे प्रथिन कापतं, त्यामुळे ग्लायसिन आणि गाबा बाहेरच पडत नाहीत. दोन्हींत माणूस शुद्धीवर असतो आणि शरीर धनुष्यासारखं ताणतं. कोपर वाकवताना मागचा स्नायू सैल पडणं आपण गृहीत धरतो, ते सैल पडणं म्हणजे हा रोध.

ग्लायसिन रिसेप्टरच्या जनुकातच दोष असेल तर बाळ जरा आवाज झाला, नाकाला बोट लागलं तरी दचकून लाकडासारखं ताठ होतं. या आजाराला हायपरएकप्लेक्सिया म्हणतात, जनुक १९९३ मध्ये सापडलं. त्यावर क्लोनाझेपाम देतात, म्हणजे ग्लायसिनची उणीव गाबा-ए कडून भरून घेतात.

शुक्रतारा

एक शेवटचं विचारते. बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर गाबाशी संबंधित नवं औषध आलंय असं ऐकलं. मैत्रीण त्यातून जातेय म्हणून विचारलं.

धुकं

झुरानोलोन. अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्याआधी २०१९ मध्ये ब्रेक्सानोलोन आलं होतं, ते ६० तास शिरेतून द्यावं लागायचं. झुरानोलोन तोंडाने, रोज संध्याकाळी, १४ दिवस.

आतापर्यंत सगळे सिनॅप्समधल्या रिसेप्टरबद्दल बोलले. सिनॅप्सच्या बाहेरही गाबा-ए असतात, गॅमाऐवजी डेल्टा उपघटक असलेले. आजूबाजूला रेंगाळणाऱ्या अगदी थोड्या गाबालाही ते प्रतिसाद देतात आणि पेशीवर एक संथ, सततचा रोध ठेवतात. डायझेपाम त्यांना ओळखत नाही. अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन हे प्रोजेस्टेरॉनपासून शरीरातच बनणारं स्टेरॉइड मात्र त्यांच्यावर जोरात काम करतं. गरोदरपणात ते खूप वाढतं आणि प्रसूतीनंतर झपाट्याने कोसळतं. रिसेप्टर या उतारासोबत वेळेत जुळवून घेऊ शकत नसतील, असा या औषधांमागचा विचार. काही बायकांनाच नैराश्य का येतं, याचं पूर्ण उत्तर त्यात नाही.

गुंगी येते, डोस घेतल्यावर १२ तास गाडी चालवायची नाही. तुमच्या मैत्रिणीला हे औषध मिळेल न मिळेल, पण या नैराश्यावर इतर औषधं आहेत, समुपदेशन आहे. तिच्या मनात स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर आजच, तुम्ही सोबत जाऊन, डॉक्टरांकडे न्या.

शुक्रतारा

आत्ता फोन करते तिला.